फिनलंडची मोसिन-नागांत रायफल ओळखायची कशी: एम/९१ पासून एम/३९ पर्यंत

दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचणाऱ्या मराठी वाचकांना सिमो हायहा हे नाव आता नवं राहिलेलं नाही. १९३९-४० च्या फिनलंड-सोव्हिएत हिवाळी युद्धात कोल्लाच्या आघाडीवर या फिनिश शेतकऱ्याने केलेल्या नेमबाजीवर भरपूर लिहिलं जातं. पण त्याच्या रायफलीचा विषय आला की घोळ सुरू होतो. कुणी तिला सरसकट रशियन मोसिन-नागांत (थोडक्यात मोसिन) म्हणतं, कुणी एम/३९ म्हणतं, कुणी दुर्बीण बसवलेल्या सोव्हिएत स्नायपर रायफलीचं चित्र लावून मोकळं होतं. हायहाकडे होती एम/२८-३०. ती नागरी रक्षक दलाची रायफल होती, तिला दुर्बीण नव्हती, आणि एम/३९ पेक्षा ती वेगळी आहे.

हा फरक छायाचित्रावरूनही ओळखता येतो. आपल्यापैकी बहुतेकांना या रायफली फोटोत, नाहीतर हेलसिंकीजवळच्या सुओमेनलिन्ना बेटावरील युद्धसंग्रहालयासारख्या ठिकाणी काचेमागेच दिसणार, म्हणून पायऱ्यांचा क्रमही तसाच ठेवला आहे. लांबून दिसणाऱ्या खुणा आधी येतील, रायफल उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या शेवटी. एनसीसीत .३०३ हाताळलेल्यांना बॅकसाइट, फोरसाइट, नोजकॅप हे शब्द ओळखीचे असतील. बाकीच्यांसाठी जागच्या जागी सांगत जातो.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करा

फिनलंडने मोसिनचा रिसीव्हर, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो पोलादी सांगाडा, स्वतः कधीच बनवला नाही. १९१७ साली देश स्वतंत्र झाला, १९१८ च्या यादवी युद्धात रशियन छावण्या नि:शस्त्र झाल्या आणि मॉडेल १८९१ च्या, म्हणजेच एम/९१, रायफली मोठ्या संख्येने हाती आल्या. पुढे इतर देशांकडूनही जुन्या मोसिन विकत घेतल्या गेल्या. हिवाळी युद्धात आणि १९४१ ते १९४४ च्या युद्धात सोव्हिएत सैन्याकडून जिंकलेल्यांची भर पडली ती वेगळीच. नव्या फिनिश रायफली या साठ्यातूनच उभ्या राहिल्या. रिसीव्हर जुना, नळी नवी, लाकूड नवं किंवा जुन्या लाकडाला जोड देऊन केलेलं, बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, सुधारलेली.

म्हणून १९४२ सालच्या फिनिश रायफलीत १८९७ सालचा रिसीव्हर सापडला तर दचकू नका. ती बनावट नाही, फिनिश रायफल अशीच बनते. नियम एवढाच की मॉडेलचं नाव नळी आणि तिच्यासोबतची जुळणी ठरवते, रिसीव्हर ठरवत नाही. ऑनलाइन दिसणाऱ्या निम्म्याअधिक चुका या एका नियमाने टळतील असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मालक दोन होते. एकीकडे फिनिश लष्कर आणि दुसरीकडे सुओयेलुस्कुंता, म्हणजे स्वयंसेवकांचं नागरी रक्षक दल. या दलाला स्वतःचं मुख्यालय होतं, स्वतःचा पैसा होता आणि स्वतःचा शस्त्र-कारखानाही होता. रीहिमॅकीला स्थिरावलेला हाच कारखाना पुढे साको नावाने जगभर गाजला. लष्कर आणि दल या दोघांनी १९२० च्या दशकात आपापल्या परीने मोसिन सुधारायला घेतली, त्यामुळे एका छोट्या देशात एकाच वेळी दोन समांतर मालिका चालू झाल्या. एम/२४, एम/२८ आणि एम/२८-३० दलाच्या. एम/२७ लष्कराची. एम/३९ वर येऊन दोघांचं एकमत झालं. हा इतिहास डोक्यात असला की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

पायरी १: लांबी बघा

बाहेर आडवी निघालेली बोल्टची आखूड मूठ आणि चापाच्या पुढे खाली डोकावणारं पाच गोळ्यांचं मॅगझिन दिसलं, की रायफल मोसिन घराण्यातली आहे. आता लांबीचा अंदाज घ्या.

मूळ एम/९१ जवळजवळ १३० सेंटिमीटर लांब, नळी ८० सेंटिमीटरची. उभी धरली तर सरासरी उंचीच्या माणसाच्या खांद्याच्या जवळपास येते. एम/२४ चीही लांबी हीच. सोव्हिएत एम/९१-३० सुमारे १२३ सेंटिमीटर. एम/२७, एम/२८, एम/२८-३० आणि एम/३९ या चौघींची नळी ६८.५ सेंटिमीटर आणि पूर्ण लांबी साधारण ११८.५.

फोटोत मोजपट्टी लावता येत नाही, म्हणून नळीचं टोक बघा. लांब मोसिनमध्ये लाकूड संपल्यावर बरीच उघडी नळी पुढे जाते. आखूड फिनिश चौकडीत लाकूड थेट टोकापाशी पोहोचतं आणि उघडी, जाड नळी थोडीशीच दिसते. जाड शब्दाकडे लक्ष द्या. फिनिशांनी नळी नुसती कापून आखूड केली नव्हती. अचूकतेसाठी ती मुद्दाम वजनदार केली होती.

संगीन लावलेली असेल तर काम आणखी सोपं होतं. एम/९१ ला नळीभोवती बसणारी, सुळ्यासारखी लांब संगीन असते. आखूड फिनिश रायफलींना सुरीसारखी पात्याची संगीन असते.

पायरी २: फोरसाइट आणि नोजकॅप

खरी मेहनत इथे घ्यायची. आखूड चौकडीच्या फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या, दोन्ही बाजूंना उभे पोलादी पंख असतात. कान टवकारलेल्या फिनिश स्पिट्झ कुत्र्यासारखे ते दिसतात, म्हणून सैनिकांनी या रायफलीला पिस्त्युकोर्वा हे टोपणनाव दिलं. कान दिसले की आखूड फिनिश मालिका नक्की झाली. पण हे कान चौघींनाही आहेत, त्यामुळे आतला फरक कानांवरून कळत नाही. त्यासाठी थोडं मागे, लाकडाच्या टोकावर बसवलेल्या लोखंडी टोपीकडे या. हीच नोजकॅप.

एम/२७ ची नोजकॅप बिजागरीची, दोन भागांची, लाकडावर मिटणारी. तिच्यामागे एक धडा आहे. लष्कराला खर्च वाचवायचा होता, म्हणून एम/९१ चे जुने दस्ते, म्हणजे रायफलीचं लाकडी अंग, कापून आखूड केले आणि जाड नळी बसावी म्हणून आतली खाच खरवडून रुंद केली. लाकूड पुढच्या बाजूला पातळ झालं. संगीन लावून सराव करताना किंवा गोळी झाडताना ते मोडू लागलं. १९३० च्या दशकाच्या मध्यात उत्पादनाचा वेग कमी करून हा दोष निस्तरावा लागला. नोजकॅपला मागे लाकडावर टेकणारे आधाराचे पंख जोडले गेले. एखाद्या फोटोत नोजकॅपमागे लाकडाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या दिसल्या, तर ती दुरुस्ती झालेली एम/२७ आहे. हिवाळी युद्धात लष्कराची मुख्य रायफल हीच होती. त्यामुळे त्या काळच्या फोटोत ती वारंवार भेटेल.

एम/२८ ची नोजकॅप एकसंध, बिजागरी नाही. दिसायला साधी पण मजबूत. दलाने लष्कराची अडचण जवळून पाहिली होती, आणि इथे त्यांचा निर्णय सरस ठरला असं माझं स्पष्ट मत आहे. एम/२८-३० नेही हीच रचना पुढे नेली.

घोडदळासाठीची एम/२७ आरव्ही ही आखूड कार्बाइनही लक्षात ठेवा. बोल्टची मूठ खाली वाकवलेली असते. १९३४ पासून दोन हजारांहून थोड्या जास्त बनल्या आणि निम्म्याहून अधिक युद्धात गेल्या, म्हणून ती क्वचितच दिसते.

पायरी ३: दस्ता

दस्त्याची मान बघा, म्हणजे चापामागे जिथे तळहात बसतो तो भाग. सरळ मान असेल तर एम/९१, एम/२४, एम/२७, एम/२८ किंवा एम/२८-३०. मान खाली किंचित फुगून अर्धवट पिस्तूल-मुठीचा आकार घेत असेल तर एम/३९. फोटोवरून एम/३९ ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण हीच. अगदी सुरुवातीच्या काही एम/३९ ना सरळ दस्ते होते, तेवढा अपवाद मनात ठेवा.

आता पुढच्या लाकडावर नजर फिरवा. फिनिश रायफलीच्या लाकडात बऱ्याचदा जोड दिसतो, दोन तुकडे बोटांत बोटं गुंतवल्यासारखे खाचांनी बसवलेले. तुटलेली रायफल जोडली असा समज करून घेऊ नका. फिनलंडमध्ये तापमान आणि ओलावा टोकाचे बदलतात. लांबलचक एकसंध लाकूड पिळवटलं की नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो. जोड दिल्याने तो धोका कमी होतो, शिवाय आखूड लाकूडही कामी येतं. रशियन मोसिनच्या लाकडात असा जोड दिसला, तर तिने फिनलंडमध्ये काही काळ काढला आहे हे जवळपास नक्की समजा.

पायरी ४: बॅकसाइट

एम/९१ ची मूळ बॅकसाइट आर्शिन या जुन्या रशियन मापात आखलेली होती. एक आर्शिन म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर, तेव्हा ४०० आर्शिनची खूण प्रत्यक्षात २८४ मीटरची. फिनिशांनी बऱ्याच रायफलींवर मीटरचे आकडे नव्याने ठोकले. आकडे बदललेले दिसले की फिनिश हात लागल्याचा आणखी एक पुरावा मिळाला. एम/२७ आणि एम/२८ वरही जुनीच बॅकसाइट सुधारून वापरली होती.

एम/२८-३० ला मात्र पूर्ण नवी बॅकसाइट मिळाली, आणि एम/२८ पासून ती वेगळी ओळखायची खूण मुख्यतः हीच. नव्या फिनिश गोळीच्या मार्गाशी जुळवलेली, २००० मीटरपर्यंत आखलेली ही बॅकसाइट चांगली ठरली, आणि एम/३९ वर जवळपास जशीच्या तशी घेतली गेली. एम/३९ च्या बॅकसाइटवर सर्वांत जवळच्या अंतरासाठी दीडचा आकडा असतो, म्हणजे १५० मीटर. एम/२८-३० वर हा दीड नसतो. स्पष्ट क्लोज-अप मिळाला तर हा आकडा शोधा.

एम/२८-३० चं मॅगझिनही सुधारलेलं आहे. गोळ्या अडकू नयेत म्हणून बदल केले आणि मॅगझिनच्या बाजूला एच-व्ही ही दोन रोमन अक्षरं ठोकली. एका बाजूने काढलेल्या चांगल्या फोटोतही ती वाचता येतात.

पायरी ५: नळीच्या बुडाशी असलेले शिक्के

नळी रिसीव्हरला जिथे मिळते तिथला वरचा भाग म्हणजे रायफलीचा जन्मदाखला. इथे काय काय भेटतं ते बघू.

चौकटीत एस-ए ही अक्षरं म्हणजे फिनिश लष्कराची मालकी. हा शिक्का १९४२ पासून वापरात आला, म्हणून हिवाळी युद्धाच्या वेळी तो नव्हता. एस-ए दिसला म्हणजे रायफल फिनलंडने बनवली असा अर्थ होत नाही. जिंकलेल्या सोव्हिएत एम/९१-३० वरही तो ठोकलेला आहे. एवढंच कळतं की ती लष्कराच्या मालमत्तेत होती.

एस अक्षर आणि त्याच्या डोक्यावर फर वृक्षाच्या तीन डहाळ्या हे नागरी रक्षक दलाचं चिन्ह. एम/२४, एम/२८, एम/२८-३० वर हे शोधा. दलाने आपल्या रायफलींना एस अक्षराने सुरू होणारे स्वतःचे क्रमांकही दिले होते. काही एम/३९ वर एस-के-वाय ही अक्षरं आहेत, ती दलाच्या मुख्यालयाची. नोव्हेंबर १९४४ मध्ये युद्धविरामाच्या अटींमुळे दल बरखास्त झालं, म्हणून त्यानंतरच्या कामावर दलाची खूण सापडायला नको.

कारखान्यांच्या खुणा: साको, त्रिकोणातला टी म्हणजे टिक्काकोस्की, आणि व्ही-के-टी म्हणजे यूवास्कूलाचा सरकारी रायफल कारखाना. एम/३९ च्या नळीवर मॉडेलचं नाव आणि साल सहसा सरळ लिहिलेलं असतं, त्यामुळे ती वाचणं सोपं.

एम/२४ चं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लांबीवरून ती एम/९१ च वाटते. दलाने आधी स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीकडून मूळ आकाराच्या ३००० नळ्या घेतल्या आणि मग ५००० जाड नळ्या. जाड नळीवर जुनी संगीन बसेना, म्हणून टोकाशी तिची जाडी पायरीसारखी कमी केली. जर्मन नळ्याही आल्या, त्यांवर ब्योलर पोलादाचं नाव असतं, आणि टिक्काकोस्कीनेही बनवल्या. तेव्हा लांब मोसिन, टोकाशी पायरी असलेली नळी, वर परदेशी कारखान्याची खूण आणि फरच्या डहाळ्या हे सगळं जुळलं तर ती एम/२४. लोट्टा स्वार्ड या महिला संघटनेच्या नावावरून तिला लोट्टा रायफल म्हणतात.

नळीवर एकटं डी अक्षर दिसलं तर ते १३ ग्रॅमच्या जड फिनिश गोळीसाठी चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, जुळवल्याचं सांगतं. एम/३९ च्या नळीचा खाचांमधला व्यासही ०.३१० इंच, म्हणजे आधीच्या ०.३०८ पेक्षा किंचित मोकळा ठेवला होता, जेणेकरून जिंकलेला सोव्हिएत दारूगोळाही चालावा. युद्धकाळात याचं मोल मोठं होतं.

एम/९१ वर मूळ रशियन नळी टिकून असेल तर शिक्क्यांचे थर वाचायला मिळतात. रशियन साम्राज्याचा गरुड, पहिल्या महायुद्धात जर्मनांनी जिंकली असेल तर डॉइचेस राइश, ऑस्ट्रियाच्या हाती गेली असेल तर ए-झेड-एफ, आणि वर फिनिश एस-ए. चार सैन्यांचा प्रवास एका बोटभर पोलादावर. जुने शिक्के घासून चकचकीत केलेली रायफल बघून मला मनापासून वाईट वाटतं.

पायरी ६: रिसीव्हरची शेपटी

ही पायरी फक्त कायदेशीर मालकासाठी किंवा संग्रहालयाच्या अभिरक्षकासाठी. चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची स्वतः खात्री केल्यावरच लाकूड उतरवायचं.

रशियन साम्राज्याच्या काळात कारखान्याचं नाव आणि साल मुख्यतः नळीवर ठोकत. फिनिशांनी नळी बदलली की ती माहिती गेली. उरते ती रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या खालच्या बाजूला. तिथे रशियातल्या तुला कारखान्याचा हातोडा किंवा इझेव्स्क कारखान्याचा धनुष्यबाण, आणि साल. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीच्या रिसीव्हरवरची रायफल संघराज्याच्या कायद्यात पुरातन वस्तू धरली जाते, त्यामुळे तिथल्या संग्राहकांना या सालाची एवढी उत्सुकता. वरून बघताना रिसीव्हर गोल आहे की पैलू पाडलेला, एवढं तपासा. पैलूंचा असेल तर तो साधारण १९३० च्या दशकाच्या मध्याआधीचा, कारण त्यानंतर सोव्हिएत कारखाने गोल रिसीव्हर काढू लागले.

बोल्टवरचा क्रमांक नळीशी जुळला नाही तर त्याचा बाऊ करू नका. शस्त्रागारात सुटे भाग सतत बदलले गेले. सुरुवातीच्या एम/२७ मध्ये बोल्टला जोडलेल्या पट्टीवर छोटे पंख आणि रिसीव्हरमध्ये त्यांच्यासाठी खाचा होत्या. अशा खाचा दुसऱ्या एखाद्या मॉडेलच्या रिसीव्हरमध्ये सापडल्या, तर तो रिसीव्हर आधी एम/२७ मध्ये राबून आला आहे.

पुरावे एकमेकांशी जुळले नाहीत तर

समजा एका फोटोखाली लिहिलंय: हिवाळी युद्ध, फेब्रुवारी १९४०, एम/३९. संशय घ्या. एम/३९ मंजूर झाली १९३९ च्या सुरुवातीला, पण हिवाळी युद्ध १३ मार्च १९४० ला संपेपर्यंत जेमतेम दहा पूर्ण झाल्या होत्या. जवळपास सगळ्या, म्हणजे एकूण सुमारे १ लाख, नंतर बनल्या. मान सरळ आहे का बघा. असेल तर नोजकॅप पाहून एम/२७ की एम/२८ ते ठरवा. मान खरोखर पिस्तूल-मुठीची असेल तर फोटोची तारीख चुकली आहे.

दुसरं उदाहरण हायहाचंच. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रांत फेब्रुवारी १९४० मध्ये मिळालेल्या मानाच्या रायफलीसोबतचे फोटो आहेत. ती रायफल लढाईत वापरली असं गृहीत धरून तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. दुर्बीण न लावण्यामागचं त्याचं कारण साधं होतं. दुर्बिणीसाठी डोकं अधिक वर उचलावं लागतं, आणि काचेवर ऊन चमकलं की जागा कळते.

तिसरं उदाहरण, नळीवर १९४३, त्रिकोणातला टी, पण बाकी सगळं सोव्हिएत एम/९१-३० सारखं. ही भेसळ नाही. टिक्काकोस्कीने १९४३-४४ मध्ये एम/९१-३० च्या नळ्या खरोखर बनवल्या होत्या. एम/३९ हे प्रमाण मॉडेल ठरल्यावरही युद्धाच्या गरजेपोटी जुन्या आकाराच्या नळ्या चालू ठेवाव्या लागल्या.

आणि १९८० च्या दशकातली जाड नळी, आधुनिक दस्ता, दुर्बीण, तरीही बोल्ट ओळखीचा वाटतोय? तर ती टीकेआयव्ही ८५. जुन्या मोसिन रिसीव्हरवर फिनिश लष्कराने उभी केलेली स्नायपर रायफल. हिलाही वरचाच नियम लागू होतो: नाव नव्या जुळणीवरून, रिसीव्हरच्या सालावरून नाही.

फोटोखाली किंवा लेखात वर्णन लिहाल तेव्हा क्रम असा ठेवा: मॉडेल, नळीचा कारखाना आणि साल, मालकीचा शिक्का, आणि माहीत असेल तरच रिसीव्हरचा कारखाना आणि साल. उदाहरणार्थ, एम/३९, साको नळी १९४२, एस-ए शिक्का, रिसीव्हर इझेव्स्क १८९७. जे दिसत नाही ती जागा मोकळी सोडा.